डग्लस क्लार्क : एक अष्टपैलू क्रीडावीर

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंबरलंड परगण्यांत, मेरीपोर्ट नांवाचें एक बंदर आहे. त्यालगतच्या एलेनबरो या वस्तींत १८९१ सालीं डग्लस क्लार्क याचा जन्म झाला. बापाचा धंदा दगडी कोळसा विकण्याचा. शाळा लौकर सुटली आणि मुलगा कोळशाचीं पोतीं वाहूं लागला. त्या कष्टांतच त्याचें शरीर पोलादासारखें घडलें.

त्या काळीं रग्बीच्या खेळांत दोन पंथ झालेले होते. कामकरी खेळाडूंस बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी कीं नाहीं, या वादावरून १८९५ सालीं उत्तर इंग्लंडमधील संघ मूळ संस्थेंतून फुटून निघाले. त्यांच्या खेळास पुढें रग्बी लीग हें नांव मिळालें. यांत प्रत्येक पक्षाचे तेरा गडी असतात. पैकीं सहा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचे. चेंडूसाठीं रेटा देणें आणि प्रतिपक्ष्यास अंगावर घेऊन अडविणें हें त्यांचें काम. टाळ्या बहुधा मागील चपळ गड्यांस मिळतात. क्लार्क अशा आघाडीच्या गड्यांपैकीं होता. १९०९ सालीं तो हडर्सफील्ड संघांत शिरला आणि वीस वर्षें त्याच संघाकडून खेळला.

१९१४ सालीं ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियांत गेला. आठ दिवसांत तीन कसोटी सामने झाले. शेवटचा सामना ४ जुलै रोजीं सिडनी येथें झाला. त्या काळीं जखमी गड्याऐवजीं दुसरा घेण्याची सोय नव्हती. सामन्यांत क्लार्कचा आंगठा मोडला; तो बांधून तो पुन्हां मैदानांत उतरला. पुढें गळ्याचें हाड दुखावलें, तरीही त्यानें परत येऊन पाहिलें. अखेर अश्रू ढाळीत त्यास बाहेर जावें लागलें. ब्रिटिशांचे एके वेळीं दहाच गडी उरले होते. तरी त्यांनीं १४ विरुद्ध ६ गुणांनीं सामना जिंकला. पुढल्या हंगामांत हडर्सफील्डनें चारही मानाचीं विजयचिन्हें मिळविलीं.

इतक्यांत महायुद्ध पेटलें होतें. क्लार्क सैन्यांत मोटार-लॉरी हांकून आघाडीवर दारूगोळा पोंचवूं लागला. १९१७ सालीं बेल्जममधील पाशेंडेलच्या लढाईंत विषारी वायूनें व जखमांनीं तो जायबंदी झाला. शौर्याबद्दल त्यास मिलिटरी मेडल मिळालें. अशा मनुष्याचा खेळ संपला असेंच कोणासही वाटावें. परंतु १९२० सालीं तो पुन्हां ब्रिटिश संघाबरोबर ऑस्ट्रेलियास गेला!

क्लार्क नामांकित मल्लही होता. कंबरलंडची कुस्ती आपल्याकडील कुस्तीहून निराळी. दोघे मल्ल छातीस छाती भिडवून, परस्परांच्या पाठीमागें हात गुंफून उभे राहतात. ज्याची मिठी सुटेल अथवा जो आधीं जमिनीस टेकेल तो हरला. चीत करण्याची आवश्यकता नाहीं. ग्रासमिअर येथील प्रसिद्ध मेळ्यांत त्यानें मोठ्या वजनाच्या मल्लांत विजय मिळविला आणि पुढें मल्ल म्हणूनही ऑस्ट्रेलियाची सफर केली.

१९५१ सालीं त्याचा अंत झाला. २००५ सालीं ब्रिटिश रग्बी लीगच्या श्रेष्ठ खेळाडूंच्या मालिकेंत त्याचें नांव घालण्यांत आलें.

विद्यार्थीमित्रहो, बळ पुष्कळांस असतें. तें आपल्या सोबत्यांसाठीं खर्चावें आणि शरीर मोडलें तरी आपली जागा सहसा सोडूं नये, हें क्लार्कच्या चरित्रांतून घेण्यासारखें आहे.