दोन राजवटींचा सेवक

परकी सत्तेची चाकरी केलेल्या माणसाकडे स्वतंत्र देशाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न गोमंतकाला अपरिचित नाही. १९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज अमदानीतील अनेक कारकून, शिक्षक व अधिकारी नव्या राजवटीतही आपापल्या जागी राहिले. तुरुंगवास भोगून आलेल्यांच्या मनात ही गोष्ट सलावी, हे स्वाभाविक होते. उर्वरित भारताला याच प्रश्नाला चौदा वर्षे आधी तोंड द्यावे लागले होते. सर गिरिजाशंकर बाजपेयी यांचे जीवन या दृष्टीने पुन्हा अवलोकन करण्याजोगे आहे.

१८९१ साली जन्मलेल्या बाजपेयींचे शिक्षण अलाहाबाद व ऑक्सफर्ड येथे झाले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभकाळात ते आय. सी. एस. मध्ये दाखल झाले. गोखल्यांनी पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे नामदार श्रीनिवास शास्त्री १९२१-२२ साली लंडन व वॉशिंग्टन येथील परिषदांना गेले, तेव्हा बाजपेयी त्यांचे चिटणीस होते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा येथील भारतीय रहिवाशांचे हक्क मागण्यासाठी शास्त्रींनी जो दौरा केला, त्यातही ते बरोबर होते. स्वदेशातच ज्याला हक्क नाहीत, त्याला परदेशात कोण मान देणार, हा धडा त्यांना तेथे मिळाला असला पाहिजे. पुढे ते हिंदुस्थान सरकारच्या शिक्षण, आरोग्य व जमीन खात्याचे सचिव झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले आणि १९४१ साली एजंट जनरल म्हणून वॉशिंग्टनला गेले.

त्यांच्या आयुष्यातील अवघड पर्व येथे सुरू झाले. २ जानेवारी १९४२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर हिंदुस्थानच्या वतीने सही झाली ती बाजपेयींची. स्वातंत्र्याच्या रक्षणाची ग्वाही देणाऱ्या त्या कागदावर एका पारतंत्र्यातील देशाचा प्रतिनिधी सही करीत होता! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेहरू, असफ अली प्रभृती नेते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले आणि अमेरिकन जनतेपुढे ब्रिटिश धोरणाची बाजू मांडण्याचे काम बाजपेयींच्या वाट्याला आले. खासगी भेटींत त्यांनी अमेरिकन अधिकाऱ्यांपाशी भारतीयांच्या भावना मांडल्या, हेही नमूद केले पाहिजे. परंतु जाहीरपणे ते सरकारचेच मुखत्यार होते. १९४५ मध्ये विजयालक्ष्मी पंडित अमेरिकेत ज्या सरकारी प्रतिनिधित्वाला आव्हान देत होत्या, ते याच प्रकारचे होते. देशभक्तांनी त्यांच्यावर रोष धरला, तो अन्याय्य होता असे आम्ही म्हणणार नाही.

१९४७ साली असफ अली भारताचे पहिले राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि बाजपेयी दिल्लीस आले. नेहरूंनी त्यांना परराष्ट्र खात्याचे पहिले सरचिटणीस नेमले. याच नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात आय. सी. एस. च्या वृत्तीवर कठोर टीका केली होती. परंतु ज्या देशाला स्वतःचे परराष्ट्र खाते असे नव्हतेच, त्याला अनुभवी माणसे आणायची कोठून? ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सरदार पटेलांनी या जुन्या अधिकाऱ्यांची बाजू घेतली, तीही याच विचाराने. बाजपेयींनी हा विश्वास सार्थ केला. काश्मीरसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाशी झालेल्या वाटाघाटी आणि प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहता यावे म्हणून एप्रिल १९४९ मध्ये लंडन येथे निघालेला तोडगा, या दोहोंमागे त्यांचे परिश्रम होते.

मात्र त्यांची खरी कसोटी तिबेटच्या प्रश्नावर लागली. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात घुसले, तेव्हा त्यांनी धोका ओळखला. पटेलांनी ७ नोव्हेंबर रोजी नेहरूंना जे सुप्रसिद्ध पत्र लिहिले, त्यामागे बाजपेयींशी झालेला विचारविनिमय होता. सीमेचा प्रश्न चीनपुढे स्पष्टपणे मांडून घ्यावा, हे त्यांचे मत. आपण होऊन तो काढू नये, हे राजदूत पणिक्करांचे. नेहरूंनी दुसरा मार्ग पत्करला आणि २९ एप्रिल १९५४ चा करार सीमेविषयी मौन पाळून झाला.

तोवर बाजपेयी दिल्लीपासून दूर गेले होते. सप्टेंबर १९५२ मध्ये ते मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. बेळगाव, सावंतवाडी आणि वेंगुर्ले त्या वेळी याच राज्यात होते आणि नेहरू ज्या किल्ल्यात बंदी होते ते अहमदनगरही. त्यांच्याच कारकिर्दीत १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाली आणि १५ ऑगस्ट रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. राज्यपाल हा घटनात्मक प्रमुख. या घटनांचे श्रेय वा दोष त्यांच्याकडे जात नाही. ५ डिसेंबर १९५४ रोजी अधिकारपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. गोव्याची मुक्ती त्यांना पाहावयास मिळाली नाही आणि १९६२ सालचा चिनी आक्रमणाचा आघातही नाही.

तीस वर्षांनी त्यांचे पुत्र के. शंकर बाजपेयी स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. पित्याने तेथे ब्रिटिश वकिलातीच्या छायेत काम केले होते. पिता-पुत्रांच्या योग्यतेपेक्षा देशाच्या स्थितीत पडलेला हा फरक होता आणि तो पाडला तुरुंगात गेलेल्यांनी, हे विसरता येणार नाही.

तरीही एवढे मान्य केले पाहिजे की, कालच्या धन्याची चाकरी केली म्हणून कोणी आजचा द्रोही ठरत नाही. धन्याला न रुचणारे सत्य तो त्याच्या तोंडावर सांगतो की नाही, ही सेवकाची कसोटी. बाजपेयी स्वतंत्र भारताच्या सेवेत तीस उतरले. ते सत्य ऐकून घेण्याची तयारी ही राज्यकर्त्यांची कसोटी असते. तिच्यात उणे पडल्याची किंमत मात्र सीमेवरील जवानांना मोजावी लागते.