दोनदा मॅट्रिक नापास

एम-थ्रीत दुसऱ्यांदा दांडी उडाली तेव्हा मेसमध्ये तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्याच आठवड्यात लायब्ररीत येल्लाप्रगडा सुब्बाराव भेटले, म्हणजे त्यांचं चरित्र. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. हा गडी मॅट्रिकलाच दोनदा नापास! मद्रासला डॉक्टरी शिकताना खादी घातली म्हणून सर्जरीचे साहेब रुसले, एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस.वर भागवावं लागलं. १९२१ मध्ये दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या रोगाने आठवड्याभरात गेले.

पुढे बोस्टन. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळी. १९२९ मध्ये हार्वर्डला फिस्क यांच्यासोबत त्यांनी स्नायूंतून एटीपी वेगळं काढलं. (त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनाही ते सापडलं.) आपण होस्टेलचा जिना चढतो तो या रेणूच्या जोरावर, पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचा एक फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते. तरी हार्वर्डने कायम केलं नाहीच. १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले. तिथे त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि ते स्प्रूवर लागू पडलं. भावांना जाऊन तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती.

१९४८ मध्ये ते गेले, वय ५३. नोबेल नाही. पुस्तक मिटून मी मेसमध्ये गेलो. वरण गार झालं होतं.