घाटवाटांचा वारकरी : पॉल द व्हिव्ही

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात एक जुनी काळी सायकल आहे. वडील तिच्यावर दुधाच्या किटल्या अडकवून घाट उतरत आणि परतताना तीच सायकल हाताने ढकलीत वर आणीत. आज मी तिच्यावरून कॉलेजला येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण घाट चढताना माझीही तऱ्हा वडिलांसारखीच. अर्ध्यावर उतरायचे, मान खाली घालायची आणि ढकलायला लागायचे. शेजारून मोटारसायकलवाले हसत निघून जातात. सायकल म्हणजे गरिबीची खूण आणि सायकलवरून उतरणे म्हणजे हार, असे मला कालपरवापर्यंत वाटत होते. एका फ्रेंच माणसाच्या चरित्राने ही समजूत बदलली. त्याची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जग त्याला 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ओळखते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील पेर्न या गावी २९ एप्रिल १८५३ रोजी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो रेशमाच्या व्यापारात शिरला आणि तिशीच्या आतच स्वतःची पेढी चालवू लागला. बायको, तीन मुले, बरी मिळकत. चारचौघांना हेवा वाटावा असा संसार होता. परंतु १८८१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने एक सायकल विकत घेतली आणि त्याच्या आयुष्याचा रस्ताच बदलला.

ती सायकल आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक छातीएवढे उंच, मागचे अगदी लहान, आणि स्वार वर टांगल्यासारखा बसलेला. पुढे एका मित्राने त्याच्याशी पैज लावली : सहा तासांत १०० किलोमीटर जाऊन दाखव. व्हिव्ही डोंगरातल्या ला शेझ-दिय या जुन्या मठाच्या गावाकडे निघाला. त्या प्रवासात त्याला जो आनंद गवसला, त्यापुढे पैज किरकोळ ठरली. डोंगरातून स्वतःच्या पायांच्या बळावर, कुणाचेही मिंधे न होता, दूरवर जाता येते, हा तो आनंद होता.

त्या काळचे रस्ते आपण डोळ्यांसमोर आणले पाहिजेत. आगगाडी आल्यामुळे लांब पल्ल्याच्या घोडागाड्या बंद पडत चालल्या होत्या आणि मोटारी अजून यायच्या होत्या. डोंगरातले जुने राजरस्ते जवळजवळ ओस पडले होते. एखादी बैलगाडी, एखादा धनगर, बाकी सगळी शांतता. या रिकाम्या रस्त्यांचा खरा वारस सायकलस्वार ठरला. व्हिव्ही राहत असे ते सेंत-एतिएन हे कोळशाच्या खाणींचे, शस्त्रांच्या आणि फितींच्या कारखान्यांचे गाव. पण गावाबाहेर पडले की पिलाचे डोंगर आणि देवदारासारख्या उंच सूचिपर्णी झाडांची राने सुरू होत.

१८८७ साली त्याने रेशमाचा धंदा विकून टाकला. चालता धंदा मोडून कुणी सायकलीच्या नादाला लागला, तर लोक काय म्हणतील हे सांगायला नको! त्याने सायकलींचे दुकान काढले, इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीहून सायकली मागविल्या आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. तेच पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने प्रसिद्धीस आले. व्हेलोसिओ या नावाने तो त्यात आपल्या प्रवासांची वर्णने लिही. शर्यतीच्या बातम्यांपेक्षा त्याला साध्या माणसाच्या भ्रमंतीचे मोल अधिक होते. सायकलवरून केलेल्या पर्यटनाला फ्रेंच भाषेत जो शब्द रूढ झाला, तोही त्याच्याच नावावर सांगितला जातो.

परंतु घाट आडवा येत होता. सेंत-एतिएनच्या दक्षिणेला कोल द ला रेपुब्लिक नावाची ११६१ मीटर उंचीची खिंड आहे. असे सांगतात, की १८८९ साली ही खिंड चढताना व्हिव्ही घामाघूम झाला असता त्याच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून आरामात त्याला मागे टाकून गेला. दुसरा कुणी खट्टू झाला असता. व्हिव्ही विचारात पडला. सपाटीवर वेगाने पळणारी आपली सायकल चढावर दमते का? आणि चढाला सोपी सायकल करावी, तर ती सपाटीवर रखडणार. मग एकाच सायकलीत दोन्ही गुण का असू नयेत?

यातले मर्म आपल्या घाटावरूनच समजते. डोंगरमाथ्यावर जायला एक उभी पाऊलवाट असते आणि एक नागमोडी गाडीरस्ता. उंची दोन्हीकडे सारखीच. पाऊलवाट जवळची पण छाती फोडणारी. गाडीरस्ता लांबचा पण सोसणारा. सायकलीचेही तसेच. पुढचे दातेरी चक्र लहान केले किंवा मागचे मोठे केले, की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल कमी अंतर जाते, पण जोरही कमी लागतो. पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, इतकेच. व्हिव्हीने प्रथम पुढे दोन चक्रे बसविली. चेन हाताने एकीवरून दुसरीवर टाकावी लागे. मग दोन्ही बाजूंना चक्रे लावून चार गती साधल्या. इंग्लंडातील नव्या युक्त्याही त्याने तपासून पाहिल्या. चालत्या सायकलीवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी यंत्रणा आज जगभर वापरली जाते. तिच्या घडणीत त्याचा आणि सेंत-एतिएनच्या कारागिरांचा मोठा वाटा आहे. प्रत्येक सुधारणा तो स्वतः डोंगरात नेऊन पारखी आणि तिचे गुणदोष मासिकात मांडी.

येथेच त्याच्या आयुष्यातला मोठा संघर्ष उभा राहिला. आंरी देग्रांज हा वृत्तपत्राचा संपादक. १९०३ साली टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत त्यानेच सुरू केली. त्याच्या मते गती बदलणारी सायकल ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खऱ्या मर्दाने एकाच चक्रावर, स्नायूंच्या जोरावर डोंगर जिंकावा. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरी रस्त्यावर सायकलींची परीक्षा घेतली. २४० किलोमीटर अंतर आणि सारी मिळून ४००० मीटरची चढण. एदुआर फिशर हा नाणावलेला शर्यतपटू एका गतीच्या सायकलीवर होता. मार्त हेस ही तरुणी व्हिव्हीच्या 'ला गोल्वाझ' या तीन गतींच्या सायकलीवर होती. तिने संपूर्ण मार्गात जमिनीला पाय लावला नाही, असे वर्तमानपत्रांनी कौतुकाने लिहिले. तरीही देग्रांजचे मत ढळले नाही. टूर द फ्रान्समध्ये ही यंत्रणा वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तेव्हा व्हिव्हीला जाऊन सात वर्षे झाली होती.

मला वाटते, हा वाद नुसत्या चक्रांचा नव्हता. डोंगर कुणासाठी आहे, हा खरा प्रश्न होता. निवडक पैलवानांसाठी, की शिक्षक, कारकून, कामगार, स्त्रिया आणि म्हातारे अशा सर्वांसाठी? व्हिव्हीचे उत्तर स्पष्ट होते. शक्ती कमी असलेल्या माणसाला युक्तीची जोड मिळाली, तर त्यात त्याला कमीपणा नाही.

तो स्वतः मात्र आळशी मुळीच नव्हता. साठी उलटल्यावरही तो रात्रभर सायकल चालवून डोंगर ओलांडी. मांसाहार त्याने सोडला होता. एस्पेरान्तो या जागतिक भाषेचा तो पुरस्कर्ता होता आणि जुन्या तत्त्ववेत्त्यांचे वाचन त्याला प्रिय होते. आपल्या अनुभवातून त्याने सायकलयात्रींसाठी सात नियम घालून दिले. भुकेच्या आधी खावे, तहानेच्या आधी प्यावे, थंडी वाजण्याच्या आधी अंगावर घ्यावे, दमछाक होईपर्यंत ताणू नये, प्रवासात दारू, मांस व तंबाखू यांपासून दूर राहावे, असा त्यांचा आशय होता. शेवटच्या नियमात, केवळ दिमाखासाठी कधी पायडल मारू नये, अशी ताकीद होती. मला तरी हा शेवटचा नियम सर्वांत कठीण वाटतो.

दरवर्षी ईस्टरच्या सुमारास तो आणि त्याचे सोबती सायकलींवरून प्रोव्हान्सकडे जात. आपल्याकडे आषाढी जवळ आली की वारकऱ्याचे पाय घरात ठरत नाहीत, तसेच ते असावे. १९२२ पासून त्याच्या सन्मानार्थ कोल द ला रेपुब्लिक चढण्याचा वार्षिक दिवस साजरा होऊ लागला. ज्या खिंडीने त्याला दमविले होते, तीच त्याचे तीर्थ झाली.

त्याचा शेवट मात्र मनाला चटका लावतो. १९३० साल उजाडेपर्यंत रस्ते बदलले होते. २७ फेब्रुवारीला सकाळी, नेहमीप्रमाणे सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याचे वाचन करून तो घरून निघाला, असे सांगतात. गावात वाहनांची गर्दी होती, म्हणून सायकलवर न बसता तो ती हाताने ढकलीत चालला होता. एका मोटारीला चुकविण्यासाठी तो मागे सरला आणि ट्रामखाली सापडला. वय होते शहात्तर. निर्जन डोंगरात रात्रीबेरात्री हजारो मैल सुखरूप हिंडलेला हा माणूस आपल्याच गावच्या रस्त्यात, सायकल हाती धरून गेला.

आज त्या खिंडीत त्याचे स्मारक आहे. परंतु मला दुसरे एक स्मारक अधिक मोलाचे वाटते. त्याच डोंगराळ मुलखाच्या दक्षिणेला, आर्देश जिल्ह्यात, एक अरुंद रूळमार्ग होता. १९६८ साली तो बंद पडला. पुढे त्यातील बऱ्याच भागाचे रूळ काढून 'डोल्चे व्हिया' नावाची सुमारे ९० किलोमीटरची वाट केली गेली. तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. आगगाडीला उभा चढ चढवत नाही, म्हणून रूळमार्ग डोंगराच्या कडेकडेने हळूहळू चढविलेला असतो. त्यामुळे लहान मुले आणि म्हातारी माणसेही ती वाट सायकलने चढतात. व्हिव्हीने यंत्रात जे साधले, ते येथे रस्त्याने साधले आहे. ही वाट कुणी त्याच्या नावाने बांधलेली नाही. पण तिच्यावरून जाणारा प्रत्येक साधा माणूस त्याचा वारस आहे.

माझी सायकल अजून एकाच चक्राची आहे. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मी अजूनही उतरतो. पण आता मान खाली घालीत नाही. व्हेलोसिओ शेवटच्या दिवशी सायकल ढकलीतच चालला होता, हे मला ठाऊक आहे. घरी गेल्यावर ही हकिकत मी वडिलांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सायकलीच्या चेनला तेल घातलेले होते.