फिल कॅट्झ: झिप फाइलवाल्या माणसाचा लायसन्सचा धडा

मोबाइलमधली एखादी एपीके फाइल किंवा वर्डची डॉकएक्स फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा. सुरुवातीलाच पी आणि के ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतील. ती एका माणसाची आद्याक्षरं आहेत: फिलिप कॅट्झ. या फाइल्स आतून झिप फाइल्सच असतात, आणि झिप फॉरमॅट कॅट्झने बनवला.

आज त्याची गोष्ट सांगतोय ती लायसन्ससाठी. गिटहबवर प्रोजेक्ट टाकताना लायसन्सची फाइल जोडायची राहून जाते. कोडला कुठलं आणि डॉक्युमेंटेशनला कुठलं, हा प्रश्न तर बऱ्याच जणांच्या डोक्यातही येत नाही. कॅट्झच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न आले, आणि पहिला थेट कोर्टातून आला.

मिल्वॉकीचा प्रोग्रॅमर

कॅट्झचा जन्म 3 नोव्हेंबर 1962 चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिल्वॉकी शहरात तो वाढला आणि तिथल्याच विद्यापीठात शिकला. प्रोग्रॅम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर कोड लिहायचा त्याला लहानपणापासून नाद होता.

1980 च्या दशकात लोक फोन लाइन आणि मोडेम वापरून बुलेटिन बोर्डवरून फाइल्स घ्यायचे. मोडेम संथ, त्यात फोनचं बिल. त्यामुळे फाइल जितकी लहान तितका खर्च कमी. यासाठी सिस्टम एन्हान्समेंट असोसिएट्स, म्हणजे एसईए, या कंपनीचा आर्क हा प्रोग्रॅम सगळीकडे चालायचा. एसईएने त्याचा सोर्स कोडही लोकांना दिला होता.

आर्क कॅट्झला फार हळू वाटला. त्याने पीकेआर्क बनवला, त्यातले महत्त्वाचे भाग असेंब्लीत लिहिले आणि वेग कितीतरी वाढवला. 1986 मध्ये त्याने पीकेवेअर ही कंपनी घरातूनच सुरू केली. व्यवहार सांभाळायला आई मदतीला होती.

कोड दिसला म्हणून आपला होत नाही

1988 मध्ये एसईएने कॅट्झवर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचा खटला भरला. दोन्ही प्रोग्रॅमचा कोड तपासला गेला, तेव्हा काही ठिकाणी कॉमेंट्स आणि त्यातल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा जशाच्या तशा सापडल्या. त्याच वर्षी तडजोड झाली. कॅट्झला 62,500 डॉलर द्यावे लागले, आणि आर्कशी जुळणारे प्रोग्रॅम विकणं पुढे बंद करायचंही ठरलं.

बुलेटिन बोर्डवरची जनता मात्र एसईएवरच भडकली. मोठी कंपनी एकट्या पोराला छळतेय, असा लोकांचा समज झाला. खरं तर एसईएसुद्धा छोटीशीच कंपनी होती.

आपल्यासाठी मुद्दा असा, की सोर्स कोड वाचायला मिळणं आणि तो बदलून वाटायची परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही गिटहबवरच्या ज्या प्रोजेक्टला लायसन्स नाही, त्याचे सगळे हक्क मूळ लेखकाकडेच असतात. भारतातही 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो.

प्रोग्रॅम बंद, कागद खुला

1989 मध्ये कॅट्झने नवा फॉरमॅट आणला, झिप. इथे त्याने दोन वेगळे निर्णय घेतले. पीकेझिप हा प्रोग्रॅम शेअरवेअर ठेवला: वापरून बघा, आवडला तर पैसे भरा, सोर्स कोड मिळणार नाही. फॉरमॅटचं वर्णन मात्र ॲपनोट नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कुठल्या बाइटला काय असतं, ते सगळं त्यात होतं. ते वाचून कुणीही स्वतःचा झिप प्रोग्रॅम लिहू शकत होतं.

आणि लोकांनी तो लिहिला. इन्फो-झिप या स्वयंसेवकांच्या गटाने फुकट झिप आणि अनझिप तयार केले. पुढे कॅट्झने डिफ्लेट ही नवी पद्धत आणली, तिचंही वर्णन बाहेर आलं. त्यावरून जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी जीझिप लिहिला. त्याला जीपीएल लायसन्स होतं, म्हणजे बदल करून वाटायचं असेल तर तुमचा सोर्सही त्याच अटीवर द्या. 1995 मध्ये याच दोघांनी झेडलिब ही लायब्ररी अगदी सैल लायसन्सखाली दिली: कुठेही वापरा, विका, फक्त मूळ काम तुमचं असल्याचा दावा करू नका, बदल केले तर तसं सांगा आणि लायसन्सची सूचना काढू नका. कुणालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बिनधास्त जोडता यावी म्हणून हे सोयीचं होतं. 1996 पासून पीएनजी चित्रांच्या आतही डिफ्लेटच आहे.

कॅट्झ हे सगळं फार काळ बघू शकला नाही. दारूच्या व्यसनाने त्याला पोखरलं होतं. 14 एप्रिल 2000 रोजी मिल्वॉकीतल्या एका मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय अवघं 37. त्याचा स्वतःचा पीकेझिप आज फार कुणी चालवत नाही, पण त्याने खुल्या केलेल्या वर्णनावर बनलेले प्रोग्रॅम आपण रोज वापरतो.

मग आपण काय निवडायचं?

- कोड कुणीही कसाही वापरला तरी चालेल: एमआयटी. पेटंटची परवानगीही स्पष्ट लिहून हवी असेल तर अपाची 2.0. (कॅट्झकडेही कॉम्प्रेशनचं एक पेटंट होतं, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ समजू नका.)
- सुधारलेला कोड वाटणाऱ्याने तोही खुला ठेवावा: जीपीएल.
- डॉक्युमेंटेशन: क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय 4.0. हे लायसन्स कोडला लावू नका, खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच तसं सुचवते.
- डॉक्युमेंटेशनमधले कोडचे नमुने: ते कोडच्याच लायसन्सखाली आहेत असं रीडमीमध्ये एका ओळीत लिहा, म्हणजे कॉपी करणारा अडकणार नाही.

आणि दुसऱ्याचा कोड उचलायच्या आधी त्याची लायसन्स फाइल उघडून वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.