ऑरेल स्टाइन

सर मार्क ऑरेल स्टाइन (जन्म : २६ नोव्हेंबर १८६२, पेस्ट, आजचे बुडापेस्ट, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९४३, काबूल) हे हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ, संस्कृत पंडित आणि मध्य आशियाचे संशोधक होते. तक्लामाकन वाळवंटातील वाळूखाली गाडली गेलेली वसतिस्थाने उजेडात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. हिवाळ्यात वाळवंट आणि उन्हाळ्यात पर्वत, अशा ऋतूंनुसार केलेल्या आखणीवर त्यांच्या मोहिमा उभ्या होत्या.

शिक्षण आणि भारतातील कारकीर्द

स्टाइन यांनी व्हिएन्ना, लाइपझिग व ट्यूबिंगेन येथे संस्कृत आणि इराणी भाषांचा अभ्यास केला. १८८३ मध्ये त्यांना ट्यूबिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे हंगेरीतील सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांनी भूमापनाचे शिक्षण घेतले. वाळवंटातील कामात हे ज्ञान त्यांना आयुष्यभर उपयोगी पडले.

१८८८ मध्ये ते लाहोर येथे पंजाब विद्यापीठाचे कुलसचिव आणि ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य झाले. सुट्ट्यांमध्ये काश्मीरला जाऊन त्यांनी कल्हणाच्या राजतरंगिणीच्या हस्तलिखितांचा अभ्यास केला. या ग्रंथाची त्यांची चिकित्सक संस्कृत आवृत्ती १८९२ मध्ये मुंबईत छापली गेली, तर इंग्रजी भाषांतर १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. या कामात पंडित गोविंद कौल यांचे त्यांना मोठे साहाय्य लाभले. काश्मीरमधील सिंध खोऱ्याच्या वर, सुमारे अकरा हजार फूट उंचीवर असलेले मोहंद मर्ग हे कुरण स्टाइन यांचे आवडते ठिकाण होते. भारतात असताना अनेक उन्हाळे ते तेथे तंबूत राहून लेखन करीत आणि पुढील मोहिमांचे बेत आखीत.

ऋतूंनुसार प्रवासाची आखणी

तक्लामाकनमध्ये उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि वसंत ऋतूपासून धुळीची भयंकर वादळे सुटतात. या वाळवंटात प्रवासाचा हंगाम चुकल्यास काय होते, हे स्वीडिश संशोधक स्वेन हेडिन यांच्या अनुभवावरून दिसून आले होते. हेडिन एप्रिल १८९५ मध्ये वाळवंटात शिरले. पाणी संपल्यामुळे त्यांचे दोन सोबती आणि बहुतेक उंट दगावले. ते स्वतः कसेबसे वाचले. त्यानंतरचा वाळवंटप्रवास त्यांनी हिवाळ्यात केला.

स्टाइन यांनी हिवाळ्याची निवड केली त्यामागे केवळ उष्णता टाळण्याचा हेतू नव्हता. कडाक्याच्या थंडीत पाणी बर्फाच्या रूपात नेता येते. बर्फाचे तुकडे गोण्यांत भरून उंटांवर लादता येतात. ते गळत किंवा सांडत नाहीत. खारे पाणी गोठताना त्यातील बरेच क्षार बर्फाबाहेर राहतात, त्यामुळे खाऱ्या डबक्यावरचा बर्फही काही वेळा पिण्याजोगा असतो. थंडीत उंटांनाही पाणी कमी लागते. मात्र बर्फाचा साठा हीच उत्खननाची मर्यादा ठरे. अवशेष कितीही महत्त्वाचे असले तरी बर्फ संपत आला की परत फिरणे भाग पडे.

उन्हाळा सुरू झाला की स्टाइन पर्वतात जात. कुन्लुन व नान शान या पर्वतरांगांतील हिमनद्या, खिंडी आणि नद्यांचे उगम यांचे सर्वेक्षण त्यांनी याच काळात केले. भारतीय सर्वेक्षण विभागातील राम सिंग आणि लाल सिंग या सर्वेक्षकांचा त्यात मोठा वाटा होता.

पहिली मोहीम (१९००-१९०१)

मे १९०० च्या अखेरीस स्टाइन श्रीनगरहून निघाले आणि गिलगिट व हुंझा मार्गे काशगरला पोहोचले. शरद ऋतूत कुन्लुनचे सर्वेक्षण आटोपून, थंडी सुरू झाल्यावरच ते खोतानहून वाळवंटात उतरले. डिसेंबरमध्ये त्यांनी दंदान ओइलिक येथे उत्खनन केले. तेथे रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास जात असे. त्यांच्या डॅश नावाच्या कुत्र्यासाठीही लोकरी कातड्याचा अंगरखा करावा लागला होता.

जानेवारी १९०१ मध्ये निया येथे त्यांना खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख असलेल्या लाकडी पट्ट्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्यांपैकी काहींवरील मातीच्या मुद्रांवर अथीना या ग्रीक देवतेची आकृती आहे. भारतीय भाषा व लिपी चीनच्या सीमेपर्यंत व्यवहारात होत्या, याचा हा ठोस पुरावा ठरला.

एप्रिलमध्ये रावक येथील स्तूपाभोवती मातीच्या भव्य मूर्ती उघड्या पडल्या, तेव्हा उष्णता आणि वादळे वाढू लागली होती. मूर्ती अतिशय ठिसूळ असल्याने हलवता येण्यासारख्या नव्हत्या. छायाचित्रे घेऊन स्टाइन यांनी त्या पुन्हा वाळूने झाकल्या. पुढील मोहिमेत ते परत आले तेव्हा खजिना शोधणाऱ्यांनी त्या फोडून टाकलेल्या आढळल्या.

दुसरी मोहीम (१९०६-१९०८)

डिसेंबर १९०६ मध्ये स्टाइन बर्फाच्या गोण्या घेऊन लोप वाळवंटातील लूलान येथे गेले. बर्फ कमी पडू लागल्याने तेथील काम अपुरे सोडून ते निघाले आणि १९१४ मध्ये पुन्हा तेथे आले. १९०७ च्या वसंतात त्यांनी दुनहुआंगजवळ हान काळातील तटबंदीचा शोध घेतला. मे महिन्यात ते मोगाओ गुंफांकडे वळले. तेथील एका बंद कोठडीत हजारो हस्तलिखिते सापडली होती आणि वांग युआनलू हे ताओपंथी साधू त्यांची राखण करीत होते. वांग यांना अल्प रक्कम देऊन स्टाइन यांनी हस्तलिखितांच्या २४ आणि चित्रे व भरतकाम यांच्या ५ पेट्या मिळवल्या. इ.स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र त्यांत होते. छपाईची तारीख नोंदलेला हा सर्वांत जुना संपूर्ण ग्रंथ मानला जातो.

१९०८ च्या आरंभी त्यांनी तक्लामाकन उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडले. वाळवंटातील उन्हाळा कटाक्षाने टाळणाऱ्या स्टाइन यांना सर्वांत मोठी इजा मात्र थंडीने केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुन्लुनमधील एका उंच कड्यावर त्यांच्या पायांना हिमदंश झाला. लेह येथे पोहोचल्यावर उजव्या पायाची बोटे कापावी लागली. तरीही १९१३ मध्ये ते तिसऱ्या मोहिमेवर निघाले.

पुढील मोहिमा आणि अखेर

तिसऱ्या मोहिमेत (१९१३-१९१६) त्यांनी खाराखोतो, तुर्फान खोरे आणि इराणमधील सिस्तान येथे काम केले. १९३० मधील चौथी मोहीम चिनी विद्वानांच्या तीव्र विरोधामुळे निष्फळ ठरली. पुढे त्यांनी इराणमध्ये अनेक दौरे केले. अफगाणिस्तानात संशोधन करण्याची त्यांची जुनी इच्छा होती. ती परवानगी अखेर १९४३ मध्ये मिळाली. पण काबूलला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तेथेच करण्यात आले.

मूल्यमापन

स्टाइन यांना १९१२ मध्ये सर हा किताब मिळाला. त्यांचे सेरिंडिया (१९२१) व इनरमोस्ट एशिया (१९२८) हे बृहद्ग्रंथ आजही आधारभूत मानले जातात. त्यांच्या संग्रहाचा एक भाग नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तर उर्वरित बराचसा लंडनमध्ये आहे. दुनहुआंगचा ठेवा देशाबाहेर नेल्याबद्दल चीनमध्ये त्यांच्यावर कठोर टीका होते. स्थानिक राखणदाराच्या अज्ञानाचा व गरजेचा त्यांनी लाभ घेतला, असा हा आक्षेप आहे. दुसरीकडे, उत्खननस्थळांच्या त्यांनी केलेल्या काटेकोर नोंदी, नकाशे आणि छायाचित्रे यांमुळे, पुढे नष्ट झालेल्या अनेक अवशेषांची माहिती टिकून राहिली.