बाया कर्वे

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास ज्या माता-भगिनी आपल्या मंदिरात जमतात, त्यांना महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असे होणार नाही. परंतु त्या मोठ्या नावाच्या सावलीत जी माउली सत्तावन्न वर्षे राबली, त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे स्मरण आपल्या ग्वाल्हेरीत क्वचितच होते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखच्या जोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव गोदूबाई. अजाण वयात नातूंच्या घरी लग्न झाले आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आले. पुढची कित्येक वर्षे कष्टांत गेली. अखेर बंधू नरहरपंतांनी त्यांना मुंबईस नेले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढले, त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. ज्या वयात इतर स्त्रिया आपल्या मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेत, त्या वयात त्या स्वतः शिकावयास बसल्या.

नरहरपंत व अण्णा मुंबईस एकाच बिऱ्हाडी राहिलेले स्नेही. अण्णांची प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, हा अण्णांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुरूड गावाने बहिष्कार घातला. अण्णांना जन्मदात्या आईच्या घरी उतरण्याचीही चोरी झाली.

आम्ही पुरोहिताच्या घरात वाढलो. ज्या शास्त्राच्या नावाने तो बहिष्कार पडला, त्याच्या पोथ्या आमच्याही फडताळात आहेत. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी खांबाआड बसून राहणाऱ्या काकू-आत्या आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना लेखणी अडखळते. पण लपवून काय करावयाचे?

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. येथे दैवाचा एक विचित्र खेळ दिसतो. आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध आहे अशी शंका आली असती, तर कोणीही आपली विधवा मुलगी तेथे पाठविली नसती. म्हणून विधवांच्या त्या घरात पुनर्विवाहित बायांनाच मोकळेपणाने वावरता येईना. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, आणि बाया मात्र पुण्याच्या बिऱ्हाडी. अण्णा रोज पायी हिंगण्यास जात, येत.

पदरी लहान मुले, आणि घरात येईल तो पैसा आश्रमाकडे वळे. अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकली. बाया रागावल्या, आणि आमच्या मते त्यांचे रागावणे योग्यच होते. आईने मुलांच्या घासाचा विचार करू नये तर कोणी करावा? परंतु केवळ रागावून त्या बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले व प्रपंचाला स्वतःच्या मिळकतीचा हात दिला. पुढे ज्या आश्रमाने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्याच वर्गणीसाठी त्या दारोदार हिंडल्या. नकार आणि टोमणे त्यांना नवे नव्हते.

मुलेही तशीच निघाली. शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या कार्यात राहिले. सावत्र पुत्र रघुनाथरावांनी संततिनियमनाचा प्रचार करून आयुष्यभर लोकापवाद सोसला. ते धाडस त्यांनी घरातच पाहिले होते.

उतारवयात बायांनी आपली हकीकत सांगितली. ती ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध आहे. मंदिराच्या ग्रंथसंग्रहात तिची एक प्रत असावी असे आम्हांस वाटते. १९५० साली त्या निवर्तल्या. आठ वर्षांनी अण्णांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते पाहावयास बाया नव्हत्या.