टपालाच्या थैल्या वाहणारा लेखक

‘द लिटल प्रिन्स’ हे चिमुकले पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्याचा लेखक आंत्वान द सँतेक्झुपेरी हा वैमानिकही होता, हे मला ठाऊक होते. पण एखाद्या कवीला बागकामाचा छंद असावा, तशातलाच हा प्रकार असेल अशी माझी समजूत होती. त्याची इतर पुस्तके वाचल्यावर कळले की गोष्ट नेमकी उलटी आहे. विमान चालवणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता आणि लेखन त्या धंद्यातून उगवले.

त्याचा जन्म 29 जून 1900 रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात झाला. घराणे सरदारी, पण वडील तो चार वर्षांचा होण्याआधीच वारले. नाविक दलाच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. (परीक्षेत आपटलेल्या मित्रांनी येथे थोडा धीर घ्यावा.) 1921 साली सक्तीच्या लष्करी सेवेत त्याला जमिनीवरचे काम मिळाले, तेव्हा त्याने पदरमोड करून खाजगी शिकवणी घेतली आणि पुढे लष्करी वैमानिकाचा परवाना मिळवला. 1923 साली पॅरिसजवळच्या ल बुर्जे तळावर त्याचे विमान कोसळून कवटीला इजा झाली. वाग्दत्त वधूच्या घरच्यांनी धसका घेतला, म्हणून त्याने हवाई दल सोडले. पुढे लग्नही मोडले! मग कचेरीत कारकुनी आणि त्यानंतर ट्रकविक्रीची फिरती. त्या फिरतीत जेमतेम एक ट्रक खपला म्हणतात.

1926 साली तो तुलूझच्या लातेकोएर कंपनीत लागला. ही कंपनी तुलूझहून कासाब्लांका आणि तेथून डाकारपर्यंत विमानाने टपाल नेत असे. दिदिए दोरा नावाचा कडक शिस्तीचा अधिकारी नव्या वैमानिकांना आधी कारखान्यात इंजिने पुसायला लावी. सँतेक्सनेही ती पुसली. (मित्र त्याला सँतेक्स म्हणत.) विमाने पहिल्या महायुद्धातली, उघड्या बैठकीची. वाळवंटावर इंजिन बंद पडणे ही नित्याची बाब. खाली उतरावे लागले की तेथल्या टोळ्या वैमानिकाला पकडून खंडणी मागत, कधी ठारही मारत.

अशा मार्गावर, स्पेनच्या ताब्यातील काप जुबी या ठाण्याचा प्रमुख म्हणून 1927 मध्ये त्याची नेमणूक झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मध्ये स्पॅनिश किल्ल्याला टेकलेली लाकडी खोली. तो अरबी शिकू लागला, टोळ्यांच्या तंबूंत जाऊन चहा पिऊ लागला आणि अडकलेल्या वैमानिकांना सोडवून आणू लागला. तेथे त्याने वाळवंटी कोल्हाही पाळला होता. ‘लिटल प्रिन्स’मधला कोल्हा आठवतो ना? पहिली कादंबरीही त्याने याच खोलीत लिहिली.

1929 साली तो टपालाच्याच कामासाठी अर्जेंटिनात गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, त्याचा मित्र आंरी गियोमे अँडीज पर्वतात कोसळला. सँतेक्स रोज विमान घेऊन शोधत होता. गियोमे मात्र पाच दिवस, चार रात्री बर्फातून चालत स्वतःच खाली आला. बर्फात पडून राहावे असे त्यालाही वाटले होते. पण प्रेत सापडले नाही तर कायद्याने मृत्यू ठरायला चार वर्षे लागतील आणि तोवर बायकोला विम्याचे पैसे मिळणार नाहीत, या विचाराने तो उठला. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सँतेक्सला शौर्यापेक्षा या जबाबदारीचे मोल अधिक वाटले, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनाचे मूळ येथे आहे.

30 डिसेंबर 1935 रोजी पॅरिस–सायगाव विक्रमाच्या नादात तो स्वतःच इजिप्तच्या वाळवंटात कोसळला. सोबत मेकॅनिक प्रेव्हो. जवळ थोडी कॉफी, थोडी वाइन, द्राक्षे आणि एक संत्रे. चौथ्या दिवशी एका बदाऊनीने पाणी पाजले म्हणून दोघे वाचले.

दुसऱ्या महायुद्धात तो टेहळणी तुकडीत होता. 1940 च्या मे-जूनमध्ये त्या तुकडीची 23 पैकी 17 विमानपथके गेली. फ्रान्स पडल्यावर तो अमेरिकेत गेला आणि तेथे 1943 मध्ये ‘लिटल प्रिन्स’ प्रसिद्ध झाले. कीर्ती होती, पैसा होता. तरी तो उत्तर आफ्रिकेत आपल्या तुकडीकडे परतला. त्या वेगवान विमानांसाठी त्याचे वय उलटून गेले होते. जुन्या अपघातांमुळे उड्डाणाचा पोशाखही एकट्याने चढवता येत नसे. खटपटी करून त्याने पाच उड्डाणांची परवानगी मिळवली आणि पाचाचा आकडा केव्हाच ओलांडला.

हे त्याचे चुकले का? मला वाटते, थोडे चुकलेच. पत्नी कॉन्सुएलो वाट पाहत होती, लेखन अर्धवट होते. पण गियोमे आणि दुसरा जिवलग मेर्मोझ दोघेही तोवर आकाशात नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या मागे केवळ लिहीत बसणे त्याला जमले नसावे.

31 जुलै 1944 रोजी सकाळी तो कॉर्सिकाहून छायाचित्रे घेण्यासाठी उडाला, तो परतलाच नाही. 1998 साली मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात चांदीचे कडे आले. त्यावर त्याचे आणि कॉन्सुएलोचे नाव होते. तेथलेच विमानाचे अवशेष 2003 मध्ये वर काढले आणि पुढच्या वर्षी क्रमांक जुळला. ते अवशेष ल बुर्जेच्या संग्रहालयात ठेवले आहेत.